आधीच्या भागातली माणसं मेली म्हणून पुढचा भाग वाईट लिहिलेला? 'एलियन ३'वरच्या एका वादाचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

पुण्यातल्या एका सोसायटीच्या क्लब हाऊसमध्ये दर पंधरवड्याला सिनेमा बघणारा आणि त्यावर बोलणारा एक गट आहे. वयं विशीपासून सत्तरीपर्यंत. नोंदी ठेवण्याचं काम माझ्याकडे आहे. इथे कोणाचंही नाव देत नाही, आणि ओळख पटेल असे तपशीलही बदलले आहेत. मुद्दे मात्र ज्या क्रमाने मांडले गेले त्याच क्रमाने ठेवले आहेत, कारण या प्रकरणात क्रमालाच महत्त्व आहे.

गटाने एकदा ठरवलं की एखादी लांबलेली फ्रँचायझी प्रदर्शनाच्या क्रमाने बघायची आणि बोलायचं ते फक्त लेखनावर. अभिनय, व्हीएफएक्स, संगीत बाजूला ठेवायचं. निवड 'एलियन' या हॉलिवूडच्या विज्ञान-भयपट मालिकेची झाली, जिच्यातले परग्रही जीव दुसऱ्याच्या शरीरात वाढतात. या मालिकेच्या पहिल्या चारही भागांचे दिग्दर्शक वेगळे आणि लेखकही बरेचसे वेगळे, त्यामुळे सिक्वेलच्या लेखनाबद्दल बोलायला यापेक्षा चांगलं उदाहरण सापडणं कठीण. रिडली स्कॉटच्या १९७९च्या पहिल्या भागाची पटकथा डॅन ओबॅननची. निर्माते वॉल्टर हिल आणि डेव्हिड गायलर यांनी तिच्यावर बराच हात फिरवला. जहाजावरचा अ‍ॅश यंत्रमानव निघतो हा धक्का त्यांचा. १९८६चा दुसरा भाग जेम्स कॅमेरॉनने लिहिला आणि दिग्दर्शितही केला. भयपटाच्या जागी त्याने युद्धपट आणला, आणि तरीही तो पहिल्याचाच पुढचा भाग वाटतो. इथपर्यंत गटात फारसे मतभेद नव्हते.

पुढचा वाद कळण्यासाठी दुसरा भाग कुठे संपतो ते लक्षात असायला हवं. नायिका रिप्ली ५७ वर्षं अवकाशात झोपून होती. तेवढ्या काळात पृथ्वीवर तिची मुलगी म्हातारी होऊन वारली, हे मूळ प्रदर्शित आवृत्तीतून कापलेलं आणि नंतरच्या विस्तारित आवृत्तीत परत आलेलं दृश्य सांगतं. एलियननी संपवलेल्या वसाहतीत तिला न्यूट ही लहान मुलगी सापडते, एकटीच जिवंत राहिलेली. हिक्स हा सैनिक आणि बिशप हा यंत्रमानव तिच्या बाजूने उभे राहतात. न्यूटला सोडवायला रिप्ली राणीच्या, म्हणजे अंडी घालणाऱ्या एलियनच्या, घरट्यात एकटी उतरते आणि तिला घेऊन परत येते. शेवटी चौघं संकटातून सुटून सुलाको जहाजावर झोपी जातात.

डेव्हिड फिंचरचा तिसरा भाग मे १९९२मध्ये आला. श्रेयनामावली चालू असतानाच जहाजावर एक उघडलेलं अंडं दिसतं, आग लागते, झोपेच्या पेट्यांसकट सुटकायान बाहेर फेकलं जातं आणि फिओरिना १६१ या कैद्यांच्या ग्रहावर कोसळतं. न्यूट आणि हिक्स झोपेतच मरतात. दोघांच्या तोंडी एकही वाक्य नाही. रिप्ली वाचते, पण तिच्या पोटात राणीचा गर्भ आहे हे पुढे कळतं, आणि शेवटी ती त्याच्यासकट वितळलेल्या शिशाच्या भट्टीत उडी घेते.

अडचण

तिसऱ्या भागानंतरची चर्चा पहिल्याच वाक्याला पेटली. गटात एक अभियंता आहेत, पन्नाशीचे. दुसरा भाग त्यांनी कॉलेजात असताना केबलवर पाहिला होता, आणि त्यांच्या म्हणण्याप्रमाणे नंतर इतक्यांदा की संवाद पाठ आहेत. त्यांनी थेट निकाल दिला: पटकथा गंडलेली आहे, मागच्या भागाची सगळी मेहनत पाच मिनिटांत पाण्यात घातली, याला लेखन म्हणत नाहीत. त्यांना तोडीस तोड उत्तर आलं तिशीतल्या एका संकलकाकडून. फिंचरचे पुढचे सिनेमे पाहून तो या धंद्यात आला. त्याच्या मते मालिकेतला सगळ्यात धीट भाग हाच, कारण इथे कुणालाही खोटा दिलासा मिळत नाही.

इथवर ठीक होतं. मग संकलक म्हणाला, "सर, तुम्हाला सिनेमा नकोच आहे. तुम्हाला तुमची माणसं परत हवी आहेत."

अभियंत्यांनी उत्तर दिलं, "आणि तुला दिग्दर्शकाचं नाव बघून सिनेमा आवडतो."

त्यानंतरचा अर्धा तास कोण कोणत्या वाक्यात काय म्हणालं यावर गेला. बाकीचे गप्प. कॉलेजात शिकणाऱ्या दोन मुलींनी फोन काढले. पुढच्या वेळी अभियंते आले नाहीत. कामाचं कारण कळवलं, जे कुणालाही खरं वाटलं नाही.

समन्वयक बाईंपुढे म्हणून दोन प्रश्न उभे राहिले. एक माणसांचा होता: गटाच्या सुरुवातीपासूनचा सभासद दुखावून दूर झाला होता. दुसरा मूळ विषयाचा, आणि माझ्या मते जास्त अवघड. चाहता जेव्हा 'लेखन वाईट आहे' म्हणतो तेव्हा तो पटकथेबद्दल बोलत असतो की स्वतःच्या दुःखाबद्दल? आणि ते दुःख वगळून लेखनाबद्दल बोलता येतं का?

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय सोपा होता, तिसरा भाग सोडून चौथ्याकडे जायचं. निम्म्या लोकांचा कल तिकडेच होता. बाईंनी तो लगेच बाजूला केला. १९९७चा चौथा भाग मेलेल्या रिप्लीचं क्लोन दोनशे वर्षांनी उभं करतो. तिसऱ्याचा हिशेब न लावता त्याच्याबद्दल काय बोलणार?

दुसरा पर्याय मतदानाचा. प्रत्येकाने दहापैकी गुण द्यायचे, सरासरी काढायची, विषय संपला. गटात आयटीवाले बरेच, त्यामुळे हा पर्याय लोकप्रिय होता आणि एकाने एक्सेल शीट बनवूनही ठेवली होती. बाईंचा आक्षेप असा की सरासरीतून फक्त कोणत्या बाजूला किती डोकी आहेत ते कळतं. दोन आणि नऊ यांची सरासरी साडेपाच, पण साडेपाचचा सिनेमा तर कुणीच पाहिलेला नाही.

तिसरा पर्याय मी सुचवला होता: आधी निर्मितीची हकिकत सांगायची. ती हकिकत खरोखर विलक्षण आहे. पहिली मोठी संहिता विल्यम गिब्सनची. नंतर एरिक रेड आणि डेव्हिड टूही यांचे मसुदे झाले. मग दिग्दर्शक व्हिन्सेंट वॉर्डने लाकडाचा ग्रह आणि त्यावर राहणारे मठवासी अशी कल्पना आणली. वॉर्ड बाहेर पडला, मठाचा तुरुंग झाला, पण मठातली धार्मिकता कैद्यांच्या पंथाच्या रूपाने तशीच राहिली. हिल आणि गायलर यांनी पुन्हा लिहिलं. फिंचर आला तेव्हा त्याचा हा पहिलाच चित्रपट, वय तिशीच्या आत. १९९१च्या सुरुवातीला लंडनजवळच्या पाइनवुडमध्ये चित्रीकरण सुरू झालं तेव्हा पूर्ण झालेली संहिता हातात नव्हती. तयार चित्रपटावर स्टुडिओने कात्री चालवली आणि फिंचरने पुढे या सिनेमाशी संबंधच ठेवला नाही. १९९१मध्येच स्टुडिओने दाखवलेल्या टीझरमधून कथा पृथ्वीवर घडेल असं सूचित होत होतं. प्रेक्षकांना कबूल केलं एक आणि हाती दिलं दुसरं.

चौथा पर्याय बाईंचा स्वतःचा होता: प्रश्न आधी ठरवायचे, ते लिहून वाटायचे, आणि उत्तरं लेखीच घेऊन मग बोलायचं.

काय केलं

तिसरा आणि चौथा पर्याय एकत्र करायचं ठरलं, आणि आधी तिसरा घेतला. पुढच्या बैठकीत मी निर्मितीची हकिकत मांडली.

परिणाम अनपेक्षित होता. खोली एकदम मवाळ झाली. बिचारा फिंचर, बिचारे लेखक, स्टुडिओवाले असेच. रागाला स्टुडिओ हे सोयीचं लक्ष्य मिळालं आणि लेखनाचा प्रश्न विरून गेला. एका मुलीने नेमकं बोट ठेवलं: "म्हणजे संहिता अपुरी होती म्हणून ती वाईट म्हणायची नाही का? मी परीक्षेत अर्धा पेपर कोरा ठेवला तर मला वेळ कमी होता म्हणून कुणी मार्क देत नाही." तिचं बरोबर होतं. निर्मितीची हकिकत कारण सांगते, मूल्यमापन करत नाही. चित्रपट असा का झाला आणि तो कसा झाला हे दोन प्रश्न आहेत, आणि पहिल्याचं उत्तर इतकं रंजक असतं की दुसरा मागे पडतो. फ्रँचायझींवरच्या बऱ्याच चर्चा इथेच भरकटतात असं मला वाटतं.

दरम्यान बाईंनी अभियंत्यांना फोन केला. माफीबिफीचं काही काढलं नाही. "तुम्ही म्हणता लेखन वाईट आहे, तर नेमकं कोणत्या दृश्यात ते दाखवा. मला शिकायचंय," एवढंच. ते आले, चार पानं टिपणं घेऊन.

त्या बैठकीला तीन प्रश्नांचा कागद वाटला गेला. मागच्या भागाने या भागाच्या हातात काय दिलं होतं? त्यातलं जे मोडलं, त्याचं कारण सिनेमात दिसतं का? आणि मोडल्याच्या जागी काय उभं केलं? प्रत्येकाने उत्तरात दृश्याचा उल्लेख करायचा. 'फ्रँचायझीची वाट लावली' यासारखी वाक्यं चालणार नाहीत, आणि 'मास्टरपीस' हा शब्दही नाही.

पहिल्या प्रश्नावर वाद झालाच नाही. दुसऱ्यावर अभियंत्यांनी न्यूटचं नावही न घेता सुरुवात अंड्यापासून केली. दुसऱ्या भागाच्या शेवटी राणी आपली अंडी घालणारी पिशवी तोडून रिप्लीच्या मागे लागते. मग यानाच्या लँडिंग गिअरमध्ये लपून ती सुलाकोवर पोचते ती पिशवीशिवाय. तिथे तिला अंडं घालायला ना साधन होतं ना उसंत. मग ते अंडं आलं कुठून? आणि एक फेसहगर, म्हणजे अंड्यातून निघून तोंडाला चिकटणारा जीव, एकाच यजमानात गर्भ सोडून मरतो हा नियम पहिल्या दोन भागांनी पाळला, तर इथे रिप्लीच्या पोटातही गर्भ आणि ग्रहावरच्या जनावरातही, हे कसं? सिनेमात बिशपचे अवशेष जोडून रिप्ली त्याला बोलतं करते. एलियन सगळा वेळ आपल्यासोबतच होता, हे तो सांगतो. अंड्याबद्दल काहीच नाही.

संकलकाने बचाव केला की पहिल्या भागातून कापलेल्या एका दृश्यात एलियन माणसालाच अंड्यात रूपांतरित करताना दिसतो, म्हणजे राणीशिवाय अंडं शक्य आहे. हे दृश्य २००३च्या आवृत्तीत परत घेतलेलं आहे, हेही खरं. पण सुलाकोवर असं काही घडल्याचं कुठेच दाखवलेलं नाही. त्यावर एका मुलीने गिब्सनच्या संहितेवर २०१९मध्ये निघालेलं श्राव्यनाट्य ऐकून आणलेली माहिती दिली. गिब्सनच्या कथेत जहाजावर सापडणारं अंडं बिशपच्या फाटलेल्या धडात रुजलेलं असतं. दुसऱ्या भागाच्या शेवटी बिशपला फाडलं होतं राणीने. म्हणजे सगळ्यात आधीच्या मसुद्यात या प्रश्नाला एक उत्तर होतं, आणि पुढच्या पुनर्लेखनांत ते गळून पडलं. इथे मात्र निर्मितीची हकिकत खऱ्या अर्थाने उपयोगी पडली. सहानुभूती मिळवायला ती आणली नव्हती, कथेतला एक टाका नेमका कुठे निसटला ते तिने दाखवलं.

त्याच मुलीने पुढे जोडलेली गोष्ट मला जास्त मोलाची वाटते. गिब्सनच्या कथेत न्यूट आणि हिक्स जिवंत राहतात, पण रिप्ली जवळजवळ पूर्ण वेळ बेशुद्ध असते आणि कथा दोन सत्तागटांच्या शस्त्रस्पर्धेची होते. "ऐकताना सगळे वाचलेत म्हणून बरं वाटलं," ती म्हणाली, "पण ही रिप्लीची गोष्ट राहिलीच नाही." अभियंत्यांनी यावर मान डोलावली. वादात पहिल्यांदाच दोन्ही बाजूंना एक मुद्दा मान्य झाला: पात्रं वाचवली म्हणजे लेखन सुधारलं असं नाही.

मृत्यूंवर बोलताना चर्चेला वळण दिलं ते गटातल्या निवृत्त शिक्षिकेने. त्या आयुष्यभर संस्कृत शिकवत आल्या, विज्ञानपटांची आवड त्यांना नातवामुळे लागली. त्या म्हणाल्या, "युद्ध जिंकून झाल्यावर झोपलेल्यांना मारणं हे आपल्याला नवीन नाही. सौप्तिक पर्व आठवा. द्रौपदीचे पाचही मुलगे छावणीवरच्या त्या रात्रीच्या हल्ल्यात मारले जातात. महाभारत तिथे वाईट लिहिलंय असं कोणी म्हणतं का?"

संकलक खूश झाला. पण शिक्षिका थांबल्या नव्हत्या. "अश्वत्थाम्याला कारण आहे. त्याच्या बापाला खोटं सांगून शस्त्र खाली ठेवायला लावलं आणि मग मारलं. त्या रात्रीची तयारी द्रोणपर्वापासून चालू आहे. मुलं मेल्यावर द्रौपदी अन्नपाणी सोडून प्रायोपवेशनाला बसते, अश्वत्थाम्याच्या मस्तकावरचा मणी हवा म्हणते. म्हणजे मृत्यूच्या अलीकडेही लिहिलंय आणि पलीकडेही. तुमच्या सिनेमात पलीकडे लिहिलंय, अलीकडे नाही."

ही मांडणी इतकी स्वच्छ होती की बराच वेळ कुणी बोललं नाही, आणि मग सगळेच बोलायला लागले. पलीकडे खरंच लिहिलं आहे. न्यूटच्या शरीरात गर्भ नाही ना याची खात्री करायला रिप्ली शवविच्छेदनाचा आग्रह धरते, डॉक्टर क्लेमेन्सला खरं कारण न सांगता कॉलराची शंका पुढे करते, आणि स्वतः तिथे उभी राहते. नंतरच्या अंत्यविधीत डिलन हा कैदी प्रार्थना म्हणत असताना दुसरीकडे जनावराच्या शरीरातून एलियन जन्मतो. ही दोन दृश्यं अख्ख्या मालिकेतल्या सर्वोत्तम लेखनात मोडतात असं माझं ठाम मत आहे. मागच्या भागातल्या नात्याचं वजन त्यांच्यात पुरेपूर उतरलं आहे. अभियंत्यांनी शवविच्छेदनाच्या दृश्याला टिपणात 'असह्य' म्हटलं होतं. आता त्यांनी ते वाचून दाखवलं आणि म्हणाले की असह्य होतं ते चांगलं लिहिलंय म्हणून. अलीकडची बाजू मात्र रिकामीच आहे. तिथे आहे ते कारण नसलेलं अंडं आणि श्रेयनामावलीखाली उरकलेला अपघात.

यानंतर आवृत्तीचा प्रश्न निघाला, आणि तो आधीच निघायला हवा होता. गटाने पाहिली होती १९९२ची प्रदर्शित आवृत्ती. २००३मध्ये डीव्हीडी संचात आलेली, फिंचरच्या सहभागाशिवाय जुळवलेली 'असेंब्ली कट' त्याहून सुमारे अर्धा तास लांब आहे. संकलकाचे निम्मे मुद्दे तिच्यावर आधारलेले निघाले! तीही पाहायचं ठरलं. फरक मोठा होता. प्रदर्शित आवृत्तीत गोलिक हा कैदी क्लेमेन्सच्या मृत्यूनंतर गायबच होतो. लांब आवृत्तीत कैदी एलियनला प्रत्यक्ष कोंडण्यात यशस्वी होतात आणि एलियनच्या भक्तीने भारलेला गोलिक त्याला सोडतो. म्हणजे कैद्यांच्या श्रद्धेचा धागा, जो प्रदर्शित आवृत्तीत नुसती सजावट वाटतो, तोच कथेला वळवतो. अंड्याचा प्रश्न मात्र इथेही तसाच.

निष्पत्ती

मतदान झालं नाही आणि एकमतही झालं नाही. पण मतभेदाची जागा बदलली, आणि ती बदलली हेच या प्रकरणाचं फलित आहे.

अंडं हा लेखनाचा दोष आहे हे दोन्ही बाजूंनी मान्य केलं, संकलकाने सुद्धा. गोलिकचं गायब होणं हा कात्रीचा दोष ठरला, लेखकांच्या नावावर तो टाकायचा नाही असं ठरलं. उत्तरार्धातला पाठलाग फसलाय हेही संकलकानेच आपणहून मांडलं: मुंडण केलेले, सारख्या कपड्यांतले कैदी सारख्याच बोगद्यांतून पळतात, कोण मेला ते कळत नाही, कारण पूर्वार्धात डिलन, क्लेमेन्स, गोलिक असे मोजकेच सोडले तर कुणाला ओळखण्याजोगं काही दिलेलं नाही. दुसऱ्या भागात कॅमेरॉनने सैनिकांना जेवणाच्या टेबलावरच्या एका दृश्यात वेगवेगळं केलं होतं. इथे तसं दृश्य असायला हवं होतं.

उरलेला मतभेद खरा होता. रिप्लीचं सगळं हिरावून घेऊन तिला एका निर्णयापर्यंत नेण्यासाठी न्यूटचं मरण आवश्यक होतं, असं संकलकाला वाटतं. रिप्ली जिची नोकरी करायची त्या कंपनीचे लोक वाचवायचं वचन देत असताना ती भट्टीची निवड करते. मागे मुलगी असती तर ही निवड तिने केली नसती. अभियंत्यांचं म्हणणं, मरण आवश्यक असेल तर ते कमवायला हवं होतं. पहिल्या अर्ध्या तासात न्यूट जिवंत असती, दोन दृश्यं मिळाली असती, मग मेली असती तर ते स्वीकारलं असतं. यावर एक व्यावहारिक उत्तर आलं, की दोन चित्रपटांत सहा वर्षांचं अंतर आहे, कथेत मात्र काहीच काळ गेलेला नाही आणि न्यूटचं काम करणारी मुलगी तोवर मोठी झाली होती. ते उत्तर मान्य झालं, पण कारण म्हणून. बचाव म्हणून नाही. हा फरक करायला गट तोवर शिकला होता.

'तुम्हाला तुमची माणसं परत हवी आहेत' या वाक्याचा विषय शेवटी अभियंत्यांनी स्वतः काढला. ते म्हणाले, वाक्य अर्धं खरं होतं. ती माणसं त्यांना हवी होतीच, कारण दुसऱ्या भागाच्या लेखकाने ती हवीशी लिहिली होती. पुढच्या लेखकाला ही ओढ फुकटात मिळते, तर तिचा हिशेब त्याने द्यायला नको का? मला हा अख्ख्या चर्चेतला सर्वात वजनदार मुद्दा वाटतो. चाहत्याचं दुःख हा निकाल होऊ शकत नाही, पण पुरावा म्हणून ते दाखल करून घ्यायलाच हवं. मागच्या भागाने काय कमावलं होतं याचा तेवढा प्रत्यक्ष पुरावा दुसरा नसतो.

स्टुडिओलाही हा पुरावा कळत असावा. २०१५मध्ये नील ब्लोमकॅम्पने हिक्सला परत आणणाऱ्या नव्या भागाची कल्पना मांडली, तेव्हा दुसऱ्या भागानंतरचं बाजूला ठेवायचा बेत होता. तो चित्रपट झाला नाही. २०२४चा 'एलियन: रोम्युलस' कथेच्या काळात पहिल्या आणि दुसऱ्या भागांच्या मधे जाऊन बसला. गटातल्या बऱ्याच जणांच्या मते ही तिसऱ्या भागाला दिलेली बगल आहे. माझं मत वेगळं आहे. मधल्या रिकाम्या जागेत नवी माणसं आणली की जुन्यांचा हिशेब द्यावा लागत नाही, आणि ही सोय कोणत्याही लेखकाला मोहात पाडेल.

वेगळं काय करता आलं असतं

आवृत्ती पहिल्याच दिवशी ठरवायला हवी होती. दोन माणसं दोन वेगळ्या सिनेमांवर भांडत होती आणि ते कुणाच्या लक्षात आलं नाही. ज्या फ्रँचायझीत विस्तारित, दिग्दर्शकाची, विशेष अशा आवृत्त्या आहेत, तिथे कोणती बघायची आणि कोणत्या आवृत्तीतले मुद्दे ग्राह्य धरायचे हे चर्चेआधी सांगणं भाग आहे. याच मालिकेत न्यूटच्या मृत्यूचं वजनही आवृत्तीवर अवलंबून आहे: रिप्लीच्या मुलीचं दृश्य ज्याने पाहिलंय त्याला तो मृत्यू दुप्पट लागतो. अभियंत्यांनी ते पाहिलं होतं, संकलकाने नाही.

निर्मितीची हकिकत तिन्ही प्रश्नांची लेखी उत्तरं हाती आल्यावर सांगायला हवी होती. तेव्हा ती गिब्सनच्या अंड्यासारखी नेमक्या जागी लागली असती.

समन्वयक बाईंनी फोन करण्याचा निर्णय योग्य होता, पण तो एक बैठक उशिरा झाला. मधल्या बैठकीत अभियंते नसताना त्यांच्या बाजूची मांडणी दुसऱ्या कुणी केली नाही, आणि संकलकाला मैदान मोकळं मिळालं. एखादा गैरहजर असेल तर त्याची बाजू दुसऱ्याने मांडायची, असं आता ठरलं आहे.

पहिल्या दिवशी फोन काढून बसलेल्या मुलींनीच पुढे चर्चेतले दोन कळीचे मुद्दे दिले. त्यांना आधी बोलतं करायला हवं होतं. ज्यांचं या पात्रांशी पंचवीस-तीस वर्षांचं नातं नाही, त्यांना पटकथा जास्त स्वच्छ दिसते. चौथ्या भागाच्या चर्चेची सुरुवात त्यांच्याकडून करायची असं ठरलं आहे, आणि तीन प्रश्नांच्या कागदावर आता चौथा आहे: आपण कोणती आवृत्ती पाहिली ते वर लिहा.